दाढेची कॅप आणि निळा कागद: आठ महिन्यांनंतर

काल कडक भाकरीचा तुकडा डाव्या बाजूनं कडाकडा मोडला आणि आठवलं, हे लिहायचं राहूनच गेलंय.

रूट कॅनालनंतर खालच्या डाव्या दाढेवर झिर्कोनियाची (दातासारख्या रंगाच्या कडक सिरॅमिकची) कॅप बसवली. पहिल्या दिवसापासून तोंड मिटलं की आधी तीच टेकायची, बाकीचे दात मागाहून. दवाखान्यात म्हणाले, 'सवय होईल.' सव्वा महिना सवय लावून घेतली! सकाळी कानशिलं ठणकायची, वरची दाढही दुखायला लागली. शेंगा चटणीशी कोरडी कडक भाकरी खाणारा मी, मऊ भातावर आलो.

शेवटी सात रस्त्याजवळ दुसऱ्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी एक निळा कागद दातांत धरायला लावला; कार्बन पेपरसारखाच, पण जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. 'टकटक चावा.' मग आरशात दाखवलं: कॅपच्या मागच्या कोपऱ्यात गडद ठिपका, बाकी दातांवर नुसत्या पुसट खुणा. तेवढाच ठिपका घासला, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. चार वेळा. मग ताठ बसवून परत कागद, कारण आडवं असताना जबडा जरा मागे सरकतो. तिथं माझी ट्यूब पेटली. आधीच्यांनी मला आडवं ठेवून, हिरडीला भूल दिलेली असताना विचारलं होतं, 'बरोबर बसतंय ना?' अर्धं तोंड बधिर, मी म्हटलं हो. दुसरं काय म्हणणार?

खर्च दोनशे रुपये, वेळ वीस मिनिटं. इथवर पाच तारे.

तिसऱ्या महिन्यात कानशील परत सुरू. म्हटलं, अजून घासा. मॅडम नाही म्हणाल्या. कागदावर काही उंच दिसत नाही, आणि दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, एकदा गेलं की परत येत नाही. झोपेत दात खाताय, नाईट गार्ड घ्या, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच. तीन हजार! मनात आलं, ही पण दुकानदारीच. घरी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही दात खाता ते मी लग्नापासून ऐकतेय. मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं."

घेतलं. पहिले आठ दिवस उशी लाळेनं ओली. आता कानशील बरंच शांत आहे, आणि गार्डवर पडलेल्या रेघा बघितल्या की पैसे टोचत नाहीत. त्या दातांवर पडल्या असत्या. म्हणून माझं मत बदललंय: चार तारे. एक तारा कापला, कारण आईनं ते चहाच्या भांड्यांबरोबर उकळत्या पाण्यात घातलं, वाकडं झालं, परत तीन हजार. डबीवर आता तिच्याच अक्षरात चिठ्ठी आहे: 'गार पाणी.'