मागच्या वाड्यात कोंबडी दाखवणारी खाणावळ

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडे आत गेले की एक लहानशी खाणावळ लागते. तिला पाटी नाही. मावशीची खाणावळ म्हणून विचारले की कोणीही वाट दाखवतो. गावरान कोंबडीचे जेवण येथे फक्त बुधवारी आणि रविवारी मिळते, तेही आदल्या दिवशी सांगून ठेवले असेल तरच. एरवी पाटवडी रस्सा, वांग्याची भाजी, झुणका, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी असा साधा बेत असतो. केवळ चवीवरूनही या जागेची शिफारस करता आली असती, परंतु लिहावेसे वाटले ते दुसऱ्या कारणाने. आपल्या ताटात येणारी कोंबडी कुठे आणि कशी वाढली, या प्रश्नाला येथे आडपडदा न ठेवता उत्तर मिळते.

"कोंबडी पाहाची असन तं मांगच्या वाड्यात चाला," असे मावशी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. मागे कडुनिंबाखाली मोकळा वाडा आहे. एक तांबूस कोंबडी मातीत खळगा करून त्यात लोळत होती आणि पंख फुलवून धूळ आतपर्यंत मुरवून घेत होती. पिसांतील उवा आणि तेलकटपणा घालवण्याचा हा त्या जातीचा उपजत उपाय आहे. दुसरी उकिरडा उकरून पिल्लांना किडे दाखवत होती. संध्याकाळी सगळ्या आपल्या पायांनी खुराड्यात जातात. त्यांना तांदळाची कणी आणि निवडताना बाजूला पडलेली ज्वारी मिळते, बाकीचे पोट त्या स्वतः भरतात. अशी कोंबडी कापण्याजोगी व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि तेव्हाही तिचे वजन सव्वा-दीड किलोच्या फारसे पुढे जात नाही.

याच तालुक्यात लांब पत्र्याच्या शेडमध्ये वाढणारा ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो. हा फरक केवळ खाद्याचा नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957 मधील वाण आणि 2005 मधील वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. 56 दिवसांनी जुन्या वाणाचे वजन सुमारे 900 ग्रॅम भरले, तर नव्याचे 4 किलो 200 ग्रॅम. म्हणजे जनावराच्या शरीराची घडणच बदलून टाकलेली आहे. छातीचे मांस इतक्या वेगाने चढते की पाय आणि हृदय त्याला पुरे पडत नाहीत; शेवटच्या आठवड्यात कित्येक पक्षी खाद्याच्या भांड्याजवळ बसूनच असतात. एका पक्ष्याच्या वाट्याला साधारण एक चौरस फूट जागा येते, खाली भाताचे तूस असते आणि रात्रीही दिवे बराच वेळ चालू ठेवलेले असतात. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते. विदर्भात पारा 45 अंशांवर गेला की शेडवर पाणी मारून आणि बाजूंना ओली पोती बांधूनही विक्रीला आलेले, वजनदार पक्षी आधी मरतात. माणसांवरील उपचारात शेवटचा आधार मानले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक अशा पालनात सर्रास वापरले जात होते. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठीच्या त्याच्या वापरावर केंद्र सरकारला 2019 मध्ये बंदी घालावी लागली.

या सगळ्याचा दोष शेड चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी मारणे मला मान्य नाही. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी त्याच्या मालकीचे नसतात आणि त्याला किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. कापूस आणि सोयाबीनने हात दिला नाही म्हणून कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसाने पक्ष्यांना दुप्पट जागा द्यायची ठरवली, तरी तो तोटा त्याच्याच अंगावर येतो. आपल्या शेतातील सोयाबीनची ढेप याच शेडमधील खाद्यात जाते, तेव्हा या व्यवस्थेपासून आपण फार लांब उभे आहोत असेही समजण्याचे कारण नाही.

अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवापुढे होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध गावोगाव कीर्तने केली आणि स्वतःच्या मुलीच्या बारशाला मांस-दारूची रीत मोडून गोडाचे जेवण घातले. त्यांच्या काळी प्रश्न मुख्यतः मारण्याचा होता, कारण जत्रेतील बोकड सुरी मानेवर येईपर्यंत मोकळ्या रानात चरलेला असे. आज मरणाच्या आधीचे सबंध आयुष्य हाच मोठा प्रश्न झाला आहे. ज्यांनी मांस पूर्ण सोडले त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही, आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. परंतु जे खातात, आणि आपल्याकडे बहुसंख्य लोक खातात, त्यांना निदान त्या आयुष्याची चौकशी करता आली पाहिजे. या खाणावळीत ती करता येते, म्हणून तिचे मोल मला मोठे वाटते.

आता जेवणाविषयी. रस्सा पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या जाळावर शिजतो. धने, खसखस, सुके खोबरे, दगडफूल आणि मसाला विलायची भाजून पाट्यावर वाटतात. तिखट जाळ आहे, पण त्यामागे खोबऱ्याचा गोडवा लागतो. गावरान मांस चिवट असते, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि येथे तो दिला जातो. हाडाजवळचा तुकडा भाकरीच्या घासाबरोबर सहज सुटून येतो. ताटात चारच तुकडे असतात. वाढीव मांस मागितले तर मावशी नाही म्हणतात, रस्सा मात्र हवा तेवढा वाढतात. काहींना हा कंजूषपणा वाटतो, मला तो शहाणपणा वाटतो. त्याच मसाल्यातील पाटवडीही इतकी उत्तम जमते की आमच्यासोबतच्या दोघांनी पुढच्या वेळी तीच घ्यायचे ठरवले.

उणिवाही आहेत आणि त्या झाकणे बरोबर नाही. सर्वांत मोठी म्हणजे अंडा रस्सा. त्यातील अंडी बाजारातल्या ट्रेमधून येतात, म्हणजेच पिंजऱ्यातील कोंबड्यांची असतात. अशा पिंजऱ्यात एका कोंबडीला ए-4 आकाराच्या कागदाएवढीही जागा मिळत नाही, पंख पसरता येत नाहीत आणि मातीत लोळण्याचा तर प्रश्नच येत नाही. विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात याच विषयाची दखल घेऊन नियमांचा मसुदा सुचवला होता. मागच्या वाड्याचा अभिमान बाळगणाऱ्या खाणावळीत हा पदार्थ असणे विसंगत आहे. दुसरी गोष्ट वाहतुकीची. घरच्या कोंबड्या कमी पडल्या की शेजारच्या गावांतील बायांकडून विकत घेतात, आणि त्या मोटारसायकलला पाय बांधून उलट्या लटकवून आणलेल्या मी पाहिल्या. प्राण्यांना विनाकारण वेदना होईल अशा रीतीने वाहून नेणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. बांबूची दोन डालगी घेतली तरी हे थांबेल. मी तसे मावशींना सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

कोंबडीच्या थाळीला 320 रुपये पडतात, पाटवडीच्या थाळीला 120. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या मजुराच्या घरी ब्रॉयलर शिजतो तो स्वस्त असतो म्हणून, आणि त्याला नीतीचे धडे देण्याचा अधिकार 320 रुपये सहज मोजणाऱ्याला नाही. ज्यांना परवडते त्यांनी मात्र आठवड्यातून तीनदा ब्रॉयलर खाण्याऐवजी महिन्यातून एकदा अशा ठिकाणी जेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. श्रावणात कोंबडी बंद असते. दुपारी दोननंतर भाकरी संपतात, त्यामुळे लवकर जावे. आणि अंडी कुठून येतात हे प्रत्येकाने विचारावे, म्हणजे वाड्यातील अंड्यांवरच तो रस्सा करण्याचा विचार मावशी लवकर मनावर घेतील.