पहिलं रोमन ब्राँझ नाणं: दोन सैनिक की पडणारा घोडेस्वार?

लष्करी छापाचं रोमन ब्राँझ नाणं हवंय आणि खिशाला चाट नकोय, तर निवड चौथ्या शतकातल्या दोन छापांवर येते: ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’ (‘सैन्याचा गौरव’, दोन सैनिकांचा) आणि ‘फेल टेंप रेपारातियो’ (‘सुखाचे दिवस परतले’, पडणाऱ्या घोडेस्वाराचा). (पहिल्या शतकातला सम्राट वेस्पाशियन याचं ‘जुडेआ काप्ता’, म्हणजे ‘जुडेआ जिंकला’ असं मिरवणारं, सेस्टर्शियस हे मोठं नाणं देखणं, सुमारे २५ ग्रॅमचं, पण धड स्थितीतलं महाग, आणि झिजलेल्यांवर पुष्कळदा अलीकडे कोरणी चाललेली असते.)

ग्लोरियावर भाला-ढाल घेतलेले दोन सैनिक, मध्ये सैन्याची निशाणं. ३३० साली छाप सुरू झाला तेव्हा निशाणं दोन, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. ३३५च्या सुमारास वजन दीड ग्रॅमकडे घसरलं आणि निशाण एकच उरलं. म्हणजे निशाणं मोजली की नाण्याचा काळ पाच-सहा वर्षांत बसतो. चित्राची डावी-उजवी बाजू सारखी असल्याने निम्मं झिजलं तरी ओळखू येतं. सैनिकांच्या पायाखाली टांकसाळीची खूण असते. छाप मारायची धातूची चकती लहान पडली की नेमकी तीच कापली जाते. खूण नसेल तर भाव पाडून मागा.

घोडेस्वाराचं चित्र मात्र खरं युद्धाचं: सैनिक भाला खुपसतोय, कोसळणारा स्वार हात वर करतोय किंवा घोड्याच्या मानेला बिलगतोय. ३४८च्या नाणेसुधारणेतली सुरुवातीची नाणी २२-२४ मिमी, साडेचार-पाच ग्रॅम. दहा वर्षांच्या आत तीच १७-१८ मिमीवर आली. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून व्यास आणि वजन लेखी मागा. लहान, झिजलेल्या नाण्यात घोडा आणि स्वार यांचा एकच गोळा होतो. तसलं घेऊ नका. अक्षरं तुटकी आणि स्वार काड्यांचा असेल तर ती बहुधा त्याच काळातली नक्कल. जुनीच, पण सरकारी टांकसाळीतल्या नाण्याच्या भावाने घेण्यासारखी नाही.

चित्रासाठी घ्यायचं तर मोठा घोडेस्वार, शिकायचं आणि संच जमवायचा तर ग्लोरिया.

दोन्हींना धोका एकच: फिकट हिरवी भुकटी. धातूतले क्लोराइड दमट हवेत जागे होतात आणि नाणं पोखरतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे लवकर होतं. डबीत सिलिका जेल ठेवा, पीव्हीसीची पाकिटं टाळा, चिंच-लिंबू तर लावूच नका.

शंभर वर्षांपुढचं नाणं भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खासगीरीत्या भारताबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट द्यायची असेल, तर तिथल्याच दुकानातून घ्या.