भोगीच्या भाजीला वाटण की कूट?

आमच्या धुळ्याकडे शेवभाजी असो की मटण, काळ्या वाटणाशिवाय पान हलत नाही. त्यामुळे भोगीच्या भाजीलाही तेच, हे मी गृहीत धरून होतो. बायको नाशिककडची. तिच्या माहेरी या भाजीला तीळ-शेंगदाण्याचं कूट. भोगीला स्वयंपाकघर माझ्याकडे असतं, म्हणून दोन्ही करून पाहिलं.

वाटणाची भाजी दिसते झकास. खोबऱ्याचं तेल सुटून तर्री वर येते, बाजरीची भाकरी कुस्करायला भरपूर रस्सा मिळतो, आणि भाज्या थोड्या कमी पडल्या तरी पातेलं भरलेलं दिसतं. पंधरा-वीस माणसं जेवायला असतील तर आजही वाटणच करा म्हणेन.

पण खोबरं भाजण्यानं मला दमवलं. आपल्याला ते काळंच हवं असतं, आणि काळं कुठे संपतं नि जळकं कुठे सुरू होतं हे गॅसपाशी उभं राहून कळत नाही. एका भोगीला मी अर्धी सकाळ ओला हरभरा नि पावटा सोलत बसलो होतो, बोरं निवडून ठेवली होती. भाजी उकळल्यावर चव घेतली तर मागून कडवटपणा. गूळ घातला, पाणी वाढवलं, काही उपयोग नाही. माय एक घास खाऊन एवढंच म्हणाली, "कडू व्हयनी रे." सात भाज्या एका खोबऱ्याच्या तुकड्यापायी गेल्या.

तीळही जळतात, नाही असं नाही. पण ते कढईतच चाखून पाहता येतात, बिघडले तर मूठभर फेकून दुसरे घ्यायचे. सहा माणसांना अर्धी वाटी तीळ, तेवढेच शेंगदाणे, मंद आचेवर वेगवेगळे भाजून जाडसर कुटलेले. आधी गाजर, पावटा, हरभरा. ते अर्धे शिजले की वांगी. ती छोटी काटेरीच घ्या, भरताची हिरवी वांगी यात विरघळून जातात. पाणी गरमच. बोरं आणि कूट शेवटच्या पाच-सात मिनिटांत, कारण कूट आधी पडलं की बुडाला लागतं आणि सारखं ढवळत बसावं लागतं. हा त्याचा त्रास. काळा मसाला मी एक चमचा घालतोच, त्याशिवाय भाजी आपली वाटत नाही.

कदाचित माझी जीभ बदलली असेल, पण कुटाच्या भाजीत गाजर गाजरासारखं लागतं आणि बोराचा आंबटपणा शोधावा लागत नाही. वाटणात सगळ्यांची चव शेवभाजीकडे झुकायची.

माय अजून पातेल्यात डोकावून विचारते, "तर्री कोठे शे?" मग मी पळीभर तेल तापवून गॅस बंद करतो, त्यात तिखट टाकतो आणि तिच्या वाटीवर ओततो.