वधस्तंभ शिकवताना: व्हिडिओ की वाचन?

कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या तरुण संघात उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधी हाच प्रश्न येतो: येशूचं वधस्तंभावरचं, म्हणजे क्रूसावरचं, मरण मुलांना कसं शिकवायचं? व्हिडिओ लावला की मुलं लगेच गप्प होतात, पण लक्षात राहतं ते रक्त. तेरा-चौदा वर्षांची काही मुलं तर नजरच फिरवतात.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय मोठ्यानं वाचायला वेळ लागतो. ४७ वचनं, आळीपाळीनं. पण मार्क जखमांचं वर्णन करतच नाही. ‘वधस्तंभावर खिळले’ एवढंच सांगतो. मग मुलांची नजर माणसांकडे वळते: जमावाला खूश करणारा रोमन सुभेदार पिलात, शेतावरून येताना येशूचा वधस्तंभ वाहायला वेठीला धरलेला कुरेनेकर शिमोन, दुरून पाहणाऱ्या स्त्रिया. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या येशूच्या हाकेपाशी मी थांबते. खरे प्रश्न इथंच निघतात मुलांच्या तोंडून. मी वाचनच निवडते. व्हिडिओ मोठ्या मुलांसाठी, तोही पालकांना विचारून.