रिअ‍ॅक्टिंगफोम: सँडिया डी ज्योतीवर कितपत खरा उतरतो?

टर्ब्युलंट ज्वलनाचं सिम्युलेशन शिकायचं असेल तर ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला सँडिया डी या मिथेन-ज्योतीचा ट्युटोरियल आधी चालवावा. तो रिअॅक्टिंगफोम या ज्वलनाच्या सॉल्व्हरवर (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामवर) चालतो. सॉफ्टवेअर मोफत आहे, सोर्स खुला आहे आणि पडताळणीसाठी चोख मोजमापं उपलब्ध आहेत. तापमान आणि घटकांची मोजमापं कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या सँडिया प्रयोगशाळेत झाली. ७.२ मिमी व्यासाच्या नळीतून घनफळाने २५ टक्के मिथेन आणि ७५ टक्के हवा ४९.६ मी/से वेगाने येते, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता ते सांगणारा) २२,४००. भोवती १८.२ मिमी व्यासापर्यंत १८८० केल्विनच्या पायलटचं, म्हणजे ज्योत टिकवणाऱ्या गरम वायूचं, कडं.

केस चालवणाऱ्या ऑलरन स्क्रिप्टची रचना शहाणपणाची आहे. १५०० आवर्तनांपर्यंत रसायन बंद ठेवून प्रवाह स्थिरावू दिला जातो, मग रसायन सुरू करून ५००० पर्यंत नेलं जातं. हे टप्पे गाळू नका. लोकल टाइम स्टेपिंग (जाळीतल्या प्रत्येक खान्याला, म्हणजे सेलला, वेगळं कालपाऊल) असल्यामुळे मधल्या आवर्तनांना भौतिक काळाचा अर्थ नाही. त्यांचं ॲनिमेशन करून ज्योत कशी पेटते ते दाखवणं चूक आहे.

रसायनाची बाजू भक्कम आहे. जीआरआय ३.० या मिथेन-ज्वलनाच्या रासायनिक यंत्रणेत ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. प्रत्येक सेलमध्ये दर वेळी एवढी ताठर (अतिशय वेगवेगळ्या वेगांच्या अभिक्रियांची) समीकरणं सोडवणं परवडत नाही, म्हणून टीडीएसी हा सॉफ्टवेअरचा भाग आधीची उत्तरं साठवून पुन्हा वापरतो. त्याचा टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) सैल केला की गणित पळतं, पण सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि ओएच (हायड्रॉक्सिल) सगळ्यात आधी बिघडतात. नायट्रिक ऑक्साइडसाठी मात्र जीआरआय ३.० वर विसंबू नका: या ज्योतीत तो आकडा बराच जास्त येतो, जुनं २.११ मोजमापांच्या जास्त जवळ जातं.

खरी कमजोरी मिश्रणात आहे. नेहमीच्या स्थिरांकांचं के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं मॉडेल गोल जेट (नळीतून सुटणारा झोत) गरजेपेक्षा जास्त पसरवतं. त्यातला सी-एप्सिलॉन-१ हा स्थिरांक १.४४ वरून १.६ च्या आसपास नेणं हा रुळलेला उपाय, पण बदल केला तर अहवालात तो स्पष्ट लिहा. शिवाय तुमच्या आवृत्तीच्या सोर्समधली वायईक्यूएन ही घटकांच्या समीकरणांची फाइल उघडून पाहा. विसरणाच्या पदात म्यूइफेक्टिव्ह (परिणामी चिकटपणा) असेल तर श्मिट अंक (चिकटपणा आणि घटकांच्या विसरणाचं गुणोत्तर) १ वर बांधलेला आहे, आणि प्रांट्ल अंक (चिकटपणा आणि उष्णतेच्या विसरणाचं गुणोत्तर) ०.८५ केलात की उष्णता आणि घटक वेगवेगळ्या दराने पसरू लागतात. मिथेनला लुइस अंक (उष्णता आणि घटकांच्या विसरणाचं गुणोत्तर) १ चालून जातो, हायड्रोजनला अजिबात नाही.

सर्वांत फसवी चूक सीमेवर होते. जेटचे वस्तुमान अंश मिथेन ०.१५६१, ऑक्सिजन ०.१९६६, उरलेला नायट्रोजन. नायट्रोजन निष्क्रिय घटक म्हणून नेमलेला असतो आणि तो बेरजेतून उरलेलं घेतो. त्यामुळे मिथेनचा आकडा चुकीचा टाकला तरी सॉल्व्हर तक्रार करत नाही. पायलटमध्ये पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड टाकायचा राहिला तरी तेच.

ज्योत नोझलपासून सुटत असेल तर अल्फाटेम्प कमी करून पाहा. एका आवर्तनात तापमान किती बदलू द्यायचं ते त्याने ठरतं. तरीही सुटली तर पायलटच्या कड्यातली जाळी तपासा.

तुलना करताना मोजमापांतल्या फाव्र सरासरीच्या फाइली घ्या, कारण सॉल्व्हरही घनता-भारित सरासरीच देतो. दर्शनी रंगीत चित्र इथे काहीच सिद्ध करत नाही. एक्स/डी (नोझलपासूनचं अंतर भागिले नळीचा व्यास) १५, ३० आणि ४५ या ठिकाणचे त्रिज्येवरचे आलेख काढा. याच मालिकेतल्या जास्त वेगाच्या एफ ज्योतीसाठी हाच केस ताणू नका. तिथे जागोजाग विझून पुन्हा पेटणं चालू असतं आणि सरासरीवर चालणाऱ्या ईडीसी या ज्वलन-मॉडेलला ते पकडता येत नाही. त्यासाठी एलईएससारखी (मोठे भोवरे थेट सोडवणारी) पद्धत हवी.