किशोरांसाठीच्या अद्भुतकथा आणि रहस्यकथा: काही महिन्यांच्या वाचनानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथा आणि रहस्यकथा आलटून पालटून वाचते आहे. जादूच्या जगातली एक कादंबरी संपली की एक शोधकथा, असा क्रम मी ठेवला आणि जी पुस्तके मनात रेंगाळली, ती मध्ये थोडा काळ जाऊ देऊन पुन्हा वाचली. पुस्तक मिटल्या मिटल्या बनलेले मत आणि काही महिन्यांनी उरलेले मत यांत बरेच अंतर पडते. हे लेखन त्या उरलेल्या मताविषयी आहे. ग्रंथालयात हे दोन प्रकार वेगवेगळ्या कपाटांत असले, तरी दोघांचा कस एकाच ठिकाणी लागतो, असे आता मला ठामपणे वाटते. लेखकाने सुरुवातीला जो नियम घालून दिला, तो कथानक अडचणीत सापडल्यावरही पाळला का, हा प्रश्न विचारला की चांगले आणि सामान्य पुस्तक लगेच वेगळे होते.

रहस्यकथेत ही अट उघडपणे मान्य झालेली आहे. रोनाल्ड नॉक्स हे इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत असत आणि त्यांनी १९२९ मध्ये या लेखनप्रकारासाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकासमोर आलेला असावा, शोध घेणाऱ्याच्या हाती लागलेला प्रत्येक दुवा वाचकालाही त्याच वेळी दिसावा, उकल दैवी शक्तीच्या मदतीने होऊ नये, गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक नसावे, अशी त्या नियमांची धाटणी आहे. दैवी शक्तीला मज्जाव करणारा नियम अद्भुतकथेला मुळावरच घाव घालणारा वाटेल. मात्र त्यामागचा हेतू लक्षात घेतला, तर तो अद्भुतकथेलाही तंतोतंत लागू पडतो, कारण ऐन वेळी कुठून तरी अवतरलेली शक्ती दोन्हीकडे वाचकाची सारखीच फसवणूक करते.

अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ मधली कादंबरी मी या काळात दोनदा वाचली आणि दुसऱ्या वेळी ती मला अधिक मोठी वाटली. त्या जगात प्रत्येक वस्तूला आणि व्यक्तीला एक खरे नाव असते, ते ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता चालते, म्हणून माणसे आपले खरे नाव फार थोड्यांना सांगतात. जादूने एका बेटावर पाऊस पाडला, तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, अशी ताकीद तिथल्या विद्यार्थ्यांना दिली जाते. गेड या नायकाला पक्ष्याचे रूप घेता येते, पण ते रूप फार वेळ घेतल्यावर त्याला परत माणूस होणे जमेनासे होते. या तीन गोष्टी सुरुवातीला केवळ वातावरणनिर्मितीसाठी आल्यासारख्या वाटतात. शेवटाकडे जाताना कळते की गेडसमोरचा पेच त्यांतूनच उभा राहिला आहे आणि सुटतोही त्यांतूनच. इथे जादूची किंमत मोजावी लागते, आणि म्हणूनच नायकाविषयीची काळजी खरी वाटते. याच मालिकेतील ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ (१९७१) या पुस्तकात थडग्यांखालच्या जागेत उजेड नेण्यास मनाई आहे. नायिकेला वळणे मोजून आणि भिंत चाचपून वाट पाठ करावी लागते. वाचताना आपणही नकळत ती वळणे मोजू लागतो. ही अद्भुतकथा असूनही तिथे मला उत्तम रहस्यकथेत येणारा अनुभव आला.

रहस्यकथांमध्ये माझ्या मते सर्वात प्रामाणिक पुस्तक एरिक केस्टनर यांचे ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ आहे. ते मूळ जर्मन भाषेत १९२९ मध्ये, म्हणजे नॉक्स यांचे नियम आले त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. आगगाडीने बर्लिनला निघालेल्या मुलाचे पैसे प्रवासात चोरीला जातात आणि शहरातली मुले एकत्र येऊन चोराचा पाठलाग करतात, एवढेच कथानक आहे. निर्णायक पुरावा कोणता, हे मी इथे सांगणार नाही, कारण ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही समीक्षकाला नाही. इतकेच सांगते की तो पुरावा चोरी होण्याआधीच वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो, तोही अगदी साध्या, घरगुती कृतीच्या रूपात. दुसऱ्यांदा वाचताना त्या वाक्यापाशी मी थांबले आणि लेखकाने ते किती सहजपणे ठेवले आहे हे पाहून मनापासून आदर वाटला. शिवाय या मुलांकडे कोणतीही असामान्य शक्ती नाही. निरोप पोहोचवणे, पाळत ठेवणे, दूरध्वनीपाशी बसून राहणे अशी कामे ती वाटून घेतात. दूरध्वनीपाशी बसण्याचे कंटाळवाणे काम पत्करणाऱ्या लहान मुलाला लेखकाने जो मान दिला आहे, तो मला आजही पुस्तकातील सर्वात सुंदर भाग वाटतो.

एलन रास्किन यांचे ‘द वेस्टिंग गेम’ (१९७८) याच्या अगदी विरुद्ध प्रवृत्तीचे, गुंतागुंतीचे पुस्तक आहे. एका धनाढ्य माणसाच्या मृत्युपत्राने सोळा वारसांच्या आठ जोड्या लावल्या जातात आणि प्रत्येक जोडीला वेगवेगळे दुवे मिळतात. या पुस्तकाला १९७९ चे न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्यासाठीचा अमेरिकी पुरस्कार, मिळाला. पहिल्या वाचनात पात्रांची गर्दी त्रासदायक वाटते आणि पन्नासेक पानांपर्यंत कोण कोणाचे हे लक्षात राहत नाही. कागदावर नावे लिहून वाचल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. मात्र उत्तर कळल्यावर पुन्हा वाचले, तर जवळजवळ प्रत्येक संवादाला दुसरा अर्थ असल्याचे दिसते. रहस्य उलगडल्यानंतर ज्या पुस्तकात काहीच उरत नाही, ते मी आता कोणाला भेट म्हणून देणार नाही.

दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात कसे नांदतात हे पाहायचे असेल, तर हॅरी पॉटर मालिकेचा तिसरा भाग (१९९९) पुन्हा वाचावा. पहिल्या भागापासून, म्हणजे १९९७ पासून वाचकाच्या नजरेसमोर असलेली एक क्षुल्लक बाब तिथे वेगळेच रूप घेते. जादूचे जग असूनही ती उकल शुद्ध रहस्यकथेच्या रीतीने बांधलेली आहे. त्याच भागात काळाशी खेळणारे जे साधन येते, त्याविषयी मात्र माझा आक्षेप कायम आहे. इतके सामर्थ्यवान साधन एकदा कथेत आणले की पुढील प्रत्येक संकटात ते का वापरले नाही, असा प्रश्न वाचक विचारणारच. सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो पुस्तक संपण्याआधीच विचारला.

लांबलचक मालिकांविषयी थोडक्यात सांगते. एनिड ब्लायटन यांच्या ‘फेमस फाइव्ह’ची २१ पुस्तके १९४२ ते १९६३ या काळात आली. एकेक करून वाचली तर ती आनंद देतात, पण सलग तीन वाचली की साचा उघडा पडतो आणि घरकाम सतत अ‍ॅन या त्यातल्या मुलीच्याच वाट्याला येते हेही खटकू लागते. नॅन्सी ड्रू या तरुण शोधकर्तीची मालिका १९३० मध्ये सुरू झाली. कॅरोलिन कीन हे तिच्या मुखपृष्ठावरचे नाव खऱ्या व्यक्तीचे नाही; त्या नावाआड अनेक जणांनी लिहिले आहे. १९५९ पासून जुने भाग पुन्हा लिहून आटोपशीर करण्यात आले, त्यामुळे हातातली आवृत्ती कोणती आहे हे पाहून घ्यावे. ‘नार्निया’ या अद्भुतकथामालिकेची सात पुस्तके काही संचांमध्ये कथेतील काळानुसार लावलेली असतात. माझा आग्रह १९५० मध्ये प्रथम आलेल्या पुस्तकापासूनच सुरुवात करण्याचा आहे, कारण कपाटामागे बर्फाळ जग सापडते तेव्हा त्या जगाविषयी वाचकाला आधी काहीही ठाऊक नसणे हेच त्या प्रसंगाचे बळ आहे.

निवेदक कोण आहे, याला मी पूर्वी फारसे महत्त्व देत नसे. या वाचनात ते फार जाणवले. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा १९६५ पासून येऊ लागल्या आणि त्या तोपशे हा त्याचा धाकटा चुलतभाऊ सांगतो. फेलूदाला जे समजले आहे ते तोपशेला अजून समजलेले नसते, आणि वाचक तोपशेच्या बरोबरीने चालत असल्याने माहिती दडवली तरी ती लबाडी वाटत नाही. भा. रा. भागवतांचा बन्या ऊर्फ फास्टर फेणे वेगळ्या रीतीने विश्वास मिळवतो. तिथे बुद्धीइतकीच धावपळ आणि धिटाई महत्त्वाची असते, आणि बन्याला जे दिसते तेच आपल्याला दिसत असल्याने वाचक मागे पडत नाही.

वाचनाच्या साधनाविषयीही एक सूचना करावीशी वाटते. रहस्यकथा ई-वाचकावर वाचणे मला गैरसोयीचे वाटले, कारण संशय आल्यावर मागची पाने चाळणे हा त्या वाचनाचाच भाग आहे आणि पडद्यावर ते सहज होत नाही. अद्भुतकथांतील नकाशे लहान पडद्यावर वाचताच येत नाहीत. मिखाएल एण्डे यांच्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ (१९७९) या पुस्तकात वास्तव जग आणि कल्पित जग दोन वेगळ्या रंगांच्या शाईत छापलेले आहे. करड्या पडद्यावर तो भेद पुसला जातो. त्यामुळे हे एक पुस्तक तरी रंगीत छपाईच्या छापील प्रतीतच वाचावे.

दहा-अकरा वर्षांच्या वाचकासाठी मी ‘एमिल’पासून सुरुवात सुचवेन, तेरा-चौदाच्या वाचकासाठी ‘अर्थसी’पासून. ‘वेस्टिंग गेम’ मात्र दोघांनी मिळून वाचावे आणि रोज थांबताना आपापला संशयित कागदावर लिहून ठेवावा.