फेलटूबॅन आणि ॲब्यूजआयपीडीबी : आठ महिन्यांचा अनुभव

मी बडोद्यात चार-पाच छोट्या धंद्यांचे सर्व्हर सांभाळते. बिलांच्या फायली, बॅकअप, एखादी वेबसाइट, एवढंच. कुणाचा डोळा असावा असं त्यात काही नाही. तरी गणपतीच्या आठवड्यात नवा सर्व्हर घेतला, पोर्ट २२ (एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं दार) उघडं ठेवून जेवायला गेले आणि येऊन लॉग (सर्व्हरची नोंदवही) बघते तर रूट, ॲडमिन, टेस्ट, उबंटू, ओरॅकल, पोस्टग्रेस अशा नावांनी दार ठोकणं सुरू. सर्व्हरचा पत्ता अजून गिऱ्हाइकालासुद्धा दिला नव्हता. पण तो कुणाला कळावाच लागत नाही. आयपीव्ही४ चे (इंटरनेटवरच्या यंत्रांचे नेहमीचे आकडी) पत्ते सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ मध्ये झेडमॅप हा चाचपणीचा प्रोग्रॅम काढला तेव्हाच, एका गिगाबिट लाइनवरून जगभरचं एखादं पोर्ट पाऊण तासाच्या आत चाचपून होतं हे दाखवलं होतं. हल्लेखोरांची टोळकी अशीच ओळीने सगळी दारं ठोकत जातात.

फेलटूबॅन तेव्हाच बसवलं. हा प्रोग्रॅम लॉग वाचत बसतो आणि एकाच पत्त्यावरून लॉगिन वारंवार चुकलं की फायरवॉलला सांगून त्याला बाहेर ठेवतो. मुळात १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटांची बंदी. दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही, चहा पिऊन परत येतात. मी बंदी एक तासाची केली आणि रेसिडिव्ह नावाचं जेल (फेलटूबॅनमधला नियमांचा एक संच) चालू केलं. दिवसभरात पुन्हा पुन्हा अडकणाऱ्याला ते आठवडाभर बाहेर ठेवतं. एक खड्डा मात्र सांगून ठेवते, माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. डेबियन १२ वर (ही लिनक्सची एक आवृत्ती) फेलटूबॅन बसवलं की सुरूच होत नाही. कारण त्यात एसएसएचच्या लॉगची नेहमीची फाईल मुळी तयारच होत नाही, सगळं सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जर्नलमध्ये जातं. फेलटूबॅनमध्ये बॅकएंड, म्हणजे लॉग कुठून वाचायचा ते, सिस्टमडी करा, लगेच चालतं. बदल जेल डॉट लोकल या सेटिंगच्या फायलीतच करा. जेल डॉट कॉन्फमध्ये केलात तर पुढच्या अपडेटला गेले समजा.

पुढची पायरी तक्रारीची. ॲब्यूजआयपीडीबी म्हणजे त्रासदायक पत्त्यांच्या तक्रारी गोळा करणारी साइट. तिथे फुकट खातं काढलं की दिवसाला १००० पत्ते तपासता येतात आणि १००० तक्रारी नोंदवता येतात. तक्रारीला प्रकार द्यायचा: १८ म्हणजे पासवर्डची मारझोड, २२ म्हणजे एसएसएच, १४ म्हणजे पोर्ट चाचपणं. एकाच पत्त्याची दुसरी तक्रार १५ मिनिटांच्या आत घेत नाहीत. सगळ्यांच्या तक्रारी धरून पत्त्याला ० ते १०० असा स्कोअर मिळतो. फेलटूबॅनसोबत यासाठीची फाईल तयारच येते, फक्त आपली एपीआय की (प्रोग्रॅमला साइटशी बोलू देणारा आपल्या खात्याचा परवलीचा शब्द) घालायची. मी घातली आणि पहिला महिना नुसता मजेत गेला. रोज सकाळी पोहे खाता खाता किती जणांची नावं लावली ते बघायचं. आता कबूल करायला लाज वाटते, पण त्यात एक प्रकारची नशा असते.

ती उतरली लाभपाचमीला, म्हणजे दिवाळीनंतर गुजरातेतले व्यापारी धंदा पुन्हा उघडतात त्या दिवशी.

दिवाळीआधी मी सगळ्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड बदलले होते. रावपुऱ्यातले आमचे एक काका, औषधांचे घाऊक व्यापारी, त्यांनी लाभपाचमीच्या मुहूर्तावर ऑफिस उघडलं आणि तासाभरात फोन. "अगं, फायली चढत नाहीयेत. तुझा सर्व्हर बंद आहे का?" सर्व्हर चालू होता, काकाच बाहेर होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर फायली आपोआप चढवणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. त्यात जुना पासवर्ड तसाच राहिलेला, आणि तो दर मिनिटाला इमानेइतबारे ठोकत होता. पाच मिनिटांत काका चोरांच्या यादीत. बंदी काढायला एक कमांड पुरली. मग सहज म्हणून त्यांचा पत्ता ॲब्यूजआयपीडीबीवर टाकून बघितला. एक तक्रार होती, माझीच. आणि शेऱ्यात लॉगच्या ओळी जशाच्या तशा चिकटलेल्या, त्यात लॉगिनचं नाव म्हणून काकांच्या पेढीचं नाव, जगाला वाचायला खुलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. एका तक्रारीने स्कोअर किरकोळच वाढतो, त्यामुळे काकांचं काही बिघडलं नाही. आपण केलेल्या तक्रारी एपीआयच्या क्लिअर ॲड्रेस या सोयीने पुसता येतात, त्या लगेच पुसल्या. काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू माझ्यावर पोलीस केस केलीस?" आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

मग ती तयार फाईल उघडून नीट वाचली. वरच्याच ओळींत लिहिलंय, पत्त्याची तक्रार करणं ही गंभीर गोष्ट आहे. वारंवार अडकणाऱ्यांसाठी, किंवा माणसाच्या साध्या चुकीने गाठता येणार नाही इतकी मर्यादा ठेवलेल्या ठिकाणीच हे वापरा. शेऱ्यातून खाजगी मजकूर बाहेर जाऊ शकतो, हेही आहे. मी की चिकटवून फाईल बंद केली होती. दोष प्रोग्रॅमचा अजिबात नाही.

आता माझ्याकडे दोन वेगळे हिशेब आहेत. बंदी पाच चुकांवर, ती आपल्या घरची गोष्ट. तक्रार फक्त रेसिडिव्हमधून जाते, आणि शेऱ्यात लॉगऐवजी एकच ठरावीक वाक्य. तक्रारींची संख्या एकदम खाली आली, पण जी जाते तिच्याखाली मी सही करू शकते. मोबाईल इंटरनेटवर तर एका पत्त्याआड शेकडो लोक असू शकतात, तिथे मी आणखी जपून असते.

सुरुवातीचे दोन महिने मी हूइजमध्ये (पत्ते कुणाच्या नावावर आहेत ते सांगणाऱ्या नोंदींत) पत्त्याचा मालक शोधून त्यांच्या ॲब्यूज मेलवरही लिहीत होते. आपल्याकडचा पत्ता असेल तर नोंद एपीनिक (आशिया-पॅसिफिकचे पत्ते वाटणारी संस्था) किंवा इरिनमध्ये (भारताची तशीच संस्था) सापडते, युरोपचा असेल तर तिथल्या राइपमध्ये. बहुतेक ठिकाणांहून यंत्राचं उत्तर. एकदाच माणसाचं आलं: त्यांच्या एका गिऱ्हाइकाची वर्डप्रेस साइट कुणीतरी फोडली होती आणि तिथूनच हे हल्ले निघत होते, सर्व्हर बंद केलाय, आभार. म्हणजे मी ज्याला दोन महिने शिव्या घातल्या तो कुणीतरी माझ्यासारखाच. गिऱ्हाईक विचारतं, "चीनवाले का?" तेव्हा मी हेच सांगते की पत्ता ज्या देशाचा, माणूस तिथलाच असेल असं काही नाही.

फेलटूबॅन कमी पडतं ते सावकाश, वाटून केलेल्या हल्ल्यात. एक पत्ता दोनदा ठोकतो आणि जातो, मग दुसरा येतो. पाचाचा आकडा कुणीच गाठत नाही. त्यासाठी ॲब्यूजआयपीडीबीची काळी यादी घेते, फुकट खात्यात १०,००० पत्त्यांपर्यंत मिळते. दिवसातून एकदा ती आयपीसेटमध्ये (फायरवॉलला द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) भरली की लॉग बराच शांत होतो. शोधान, सेन्सिस, शॅडोसर्व्हर अशी इंटरनेटची पाहणी करणारी मंडळीही दारं चाचपत असतात. त्यांना अडवायचं तर अडवा, तक्रार कशाला? शॅडोसर्व्हर तर सापडलेल्या भोकांची माहिती देशोदेशीच्या सर्टना (सायबर हल्ल्यांचं बघणाऱ्या संस्थांना) देतं.

सर्टवरून आठवलं. सर्ट-इन म्हणजे भारताची सर्ट. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. रोजच्या ठकठकीसाठी कुणी सर्टकडे धावत नाही, पण लॉगचं बघून घ्या. माझ्या जुन्या उबंटू सर्व्हरवर आठवड्याला एक असे चारच लॉग राहत होते. लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग किती ठेवायचे ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चाराचे सव्वीस केले, १८२ दिवस झाले.

हे सगळं मिळून सर्व्हर सुरक्षित होतो का, असं विचाराल तर नाही. सुरक्षित झाला तो पासवर्डने लॉगिन बंद करून चावी (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त फाईल) लावली तेव्हा. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण काकांच्या ऑफिसला चावीची फाईल समजावायची कोण, म्हणून मी टाळत राहिले. लाभपाचमीनंतर तिथे जाऊन, दोन कप चहा आणि एक बशी लीलो चेवडो संपेपर्यंत बसून, लावून दिली. मागच्या आठवड्यात नवा कॉम्प्युटर आला म्हणून त्यांच्या मुलाने ती फाईल ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. जुनी रद्द केली, नवी काढली, या वेळी तिच्यावर वेगळा पासवर्ड ठेवून.